हेल्मेट कॅमेऱ्यात स्पीड पकडायची कशी, नागपूरच्या रस्त्यावर अन् नागपूरच्या उन्हात

पोट्ट्यांचा एकच सवाल असते, भाऊ गाडी तर चांगली ताणली होती पण घरी येऊन व्हिडीओ पाह्यला तर बैलगाडी चालून राहिली असं वाटते, काहून? कारण सोपं आहे, कॅमेऱ्याला तुमची स्पीड दिसतच नाही. त्याला फक्त एवढं समजते का फ्रेममधल्या गोष्टी किती झपाट्याने सरकून राहिल्या. जवळची गोष्ट जलद सरकते, लांबची हळू, बस. समजा रस्त्याच्या कडेचं झाड तुमच्यापासून ३ मीटरवर आहे अन् तुम्ही ५० ने चालले, तर ते झाड बाजूने जेवढ्या जोरात निघून जाते तेवढ्याच जोरात १२ मीटरवरचं झाड निघून जायला तुम्हाला २०० ची स्पीड लागेल. म्हणून रुंद मोकळ्या हायवेवर १०० पण मेल्यासारखे दिसतात अन् गावातल्या एकेरी डांबरी रस्त्यावर ५० पण थरारक दिसतात. हे एकदा डोक्यात बसलं का एक्सिलेटर पिळायची गरजच निम्मी होते.

आधी स्पीडचं बोलून घेऊ, नाहीतर खाली कमेंटमध्ये लोक सुरू होतात. समृद्धी महामार्गावर टू-व्हीलरला एन्ट्री नाही, त्यामुळे तिथे जाऊन रन मारायचा विचार सोडा, आणि तसंही ते एवढं रुंद आहे का व्हिडीओ सपाटच आला असता. बाकी केंद्राच्या २०१८ च्या नोटिफिकेशनप्रमाणे मोटारसायकलला डिव्हायडरवाल्या फोर लेनवर ८० अन् शहरात आणि साध्या रस्त्यावर ६० ही वरची मर्यादा आहे, बोर्डावर त्याहून कमी लिहिलं असेल तर तेवढीच. पब्लिक रोडवर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ वेगळं लागते. अन् खरं सांगू का, मीटरचा क्लोजअप टाकून १४० दाखवणारा माणूस स्वतःच्या हाताने पुरावा अपलोड करून राहिला असतो, नंबर प्लेट पण दिसते, चेहरा पण दिसते, चलान करणाऱ्याला काहीच काम उरत नाही. ज्यांना खरंच स्पीड पाहिजे त्यांनी ट्रॅक डेला जा, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवू देतात त्या दिवशी, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, नागपूरहून सगळंच लांब पडते पण नोएडा अन् चेन्नई दोन्हीकडे जायला गाडी ट्रेनने पार्सल करता येते. फक्त ट्रॅकवर एक लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी हेल्मेटवर कॅमेरा लावू देत नाहीत, टाकीवर किंवा शेपटीवर लावा म्हणतात आणि त्याला वेगळी दोरी बांधायला लावतात, म्हणून बुकिंग करतानाच विचारून घ्या.

तर खालचं सगळं ६० ते ८० मध्ये चालणाऱ्यासाठी आहे, अन् तेवढ्यात मस्त होते.

कॅमेरा कुठे लावायचा

हनुवटीवर. म्हणजे फुल फेस हेल्मेटच्या चिन बारवर. वरती टाळूवर लावला का फ्रेममध्ये फक्त रस्ता अन् आभाळ येते, गाडी दिसतच नाही, उंची वाढते त्यामुळे रस्ता लांब वाटते अन् स्पीड मरते. शिवाय वारा. हवेचा दाब स्पीडच्या वर्गाने वाढते, ४० वरून ८० वर गेले का चौपट, अन् तो सगळा त्या टाळूवरच्या डबीवर बसते, अमरावती रोडवर बाजूने ट्रक गेला का मान झटकल्यासारखी होते. कानाच्या बाजूला लावला तर एका बाजूचं वजन अन् मागे वळून पाहताना खांद्याला लागते. हनुवटीवर मात्र कॅमेरा जवळपास तुमच्या डोळ्याच्या रेषेत येते, खाली हँडल, हात, टाकी दिसतात, आणि ही जवळची गोष्ट फ्रेममध्ये स्थिर असली का मागचा रस्ता जास्त पळताना दिसते.

अजून एक गंमत. वळणावर चांगला रायडर डोकं सरळ ठेवते अन् गाडी खाली झुकते, त्यामुळे टाळूवरच्या कॅमेऱ्यात लीन, म्हणजे गाडीचा झुकाव, दिसतच नाही, आभाळ सरळच्या सरळ. चिनवर लावला तर हँडल तिरपं होताना दिसते, पाहणाऱ्याला लगेच समजते का गाडी झोपली. हेल्मेट ओपन फेस असेल तर चिन बारच नाही, मग छातीचा पट्टा घ्या, पण मुळात असं शूट करायचं तर आयएसआय मार्कचं फुल फेसच घ्या बाप्पा, व्हिडीओ सोडा, जबड्यासाठी घ्या. फ्लिप-अप हेल्मेट असेल तर कॅमेरा धरायचा माउंट लावल्यावर पुढचा भाग पूर्ण उघडते का ते दुकानातच पाहा.

माउंट दोन प्रकारचे मिळतात. एक म्हणजे पट्ट्याचा, व्हायझर उघडून चिन बारला आवळायचा, स्वस्त आहे, एका हेल्मेटवरून दुसऱ्यावर जाते, पण टोकदार चिन असेल तर सरकते अन् कधीकधी व्हायझर पूर्ण बंद होत नाही. दुसरा चिकटवायचा. चिकटवायचा घ्या, पण नीट चिकटवा, कारण नव्वद टक्के लोक दुकानाच्या बाहेरच पार्किंगमध्ये उभं राहून चिकटवतात अन् मग कॅमेरा वाडीच्या पुढे कुठंतरी रस्त्यात पडते.

असं करा. चिन बार आधी साबणाच्या पाण्याने धुवा, पॉलिश, सिलिकॉन स्प्रे, किड्यांचे डाग सगळं गेलं पाहिजे. वाळलं का मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा अन् सुती कपड्याने एकाच दिशेने पुसा, घासत बसू नका, त्याने तेल इकडून तिकडे पसरते. माउंटची गादी वाकडी अन् चिन वेगळी वाकडी असं असेल तर मधे पोकळी राहते, कागद न काढता आधी नुसतं ठेवून चारी कोपऱ्यात नख घालून पाहा, नख आत जात असेल तर ती जागा चालत नाही, थोडं वर-खाली सरकवा. मग हेअर ड्रायरने हेल्मेट हलकं कोमट करा, भाजू नका, कागद काढा, मधून बाहेर असं दाबत अर्धा मिनिट अंगठ्याने धरून ठेवा. आणि मग २४ तास हात लावायचा नाही. माउंटच्या मागची थ्रीएमची ती करड्या-काळ्या फोमची टेप पूर्ण पकड घ्यायला तीन दिवस घेते, म्हणून रविवारी रन असेल तर गुरुवारी चिकटवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी १० डिग्रीच्या आसपास जाते, तेव्हा सकाळी टेप धरत नाही, दुपारी लावा. मॅट हेल्मेटवर पकड कमीच असते, तिथे पट्टाच बरा.

हेल्मेटला भोक पाडायचं नाही, स्क्रू मारायचा नाही. कोणी कितीही सांगितलं तरी. पडल्यावर माउंट तुटून निघाला पाहिजे, हेल्मेटसोबत रस्त्याला अडकून मान पिळली नाही पाहिजे. दोरी बांधा, पण बारीक अन् बोटभर, व्हेंटला बांधा, गळ्याच्या पट्ट्याला बिलकुल नाही.

अँगल टेबलावर बसून सेट करू नका. गाडी स्टँडवर लावा, तुम्ही जसे वाकून बसता तसे बसा, फोनच्या ॲपमध्ये पाहा. क्षितिज फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, खाली हात अन् टाकी. चिन माउंटवर बऱ्याचदा कॅमेरा उलटा लटकते, सेटिंगमध्ये ऑटो रोटेशन असते, पण गाडी सुरू करायच्या आधी फ्रेम सरळ करून लॉक करा. रन चालू असताना नजर फिरवा, मुंडी कमी फिरवा, एवढं बरोबर आहे, पण आरसा अन् खांद्यामागचं पाहणं व्हिडीओसाठी सोडू नका, ते दोन सेकंद एडिटमध्ये कापता येतात.

सेटिंग

इथे लोक मोठमोठ्या आकड्यांमागे लागतात. ४के, सेकंदाला ५० फ्रेम, वाइड. झालं. ५० काहून, ६० काहून नाही? कारण आपल्याकडची लाइट ५० हर्ट्झची आहे, ३० किंवा ६० ला ठेवलं का स्ट्रीटलाइट अन् दुकानाच्या पाट्या लुकलुकतात, सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ किंवा पॅल लिहिलेलं असते ते करा. दिवसाच्या व्हिडीओला फरक नाही पडत, पण वर्धा रोडवर संध्याकाळी शूट केला का लगेच दिसते.

लेन्स वाइडच ठेवा, लिनियर नाही. लिनियरमध्ये कडा सरळ होतात, सुंदर दिसते, पण स्पीड कडेलाच असते ना, तीच कापून जाते. उलट त्या एकदम ताणलेल्या सुपर-डुपर व्ह्यूमध्ये हात लांबलचक भुतासारखे दिसतात, ते मला तर आवडत नाही, ज्याची त्याची मर्जी.

स्टॅबिलायझेशन, म्हणजे हलणारी फ्रेम स्थिर करायची सेटिंग, नॉर्मल. बूस्ट नाही. बूस्ट केलं का कॅमेरा फ्रेम आतून कापते अन् एवढं गुळगुळीत करते का गाडी हवेत तरंगून राहिली असं वाटते, थोडा थरथराट राहू द्या, रस्ता आपला नागपूरचाच आहे हे समजू द्या. होरायझन लॉक, म्हणजे क्षितिज सरळ धरून ठेवणारी सेटिंग, वळणाच्या व्हिडीओत बंद.

आता शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला कॅमेरा किती वेळ उजेड आत घेते ते, हे खरं महत्त्वाचं. भर उन्हात कॅमेरा ऑटोवर असला का शटर १/३२०० सेकंदाच्या आसपास जाते, म्हणजे प्रत्येक फ्रेम चाकूने कापल्यासारखी धारदार. झाड धारदार, डांबर धारदार, खडी पण मोजता येते, अन् सगळं तुटक-तुटक चालते. आपल्या डोळ्याला पळती गोष्ट धूसर दिसायची सवय आहे, ती धूसरता गेली का स्पीड गेली. पुस्तकी नियम म्हणते ५० फ्रेमला १/१०० शटर ठेवा, पण हेल्मेटवर स्टॅबिलायझेशन चालू असताना १/१०० ला खड्ड्यात फ्रेम थरथरल्यासारखी होते, म्हणून मधला मार्ग १/२००. त्यासाठी लेन्ससमोर एनडी फिल्टर लागते, गॉगलच समजा. एनडी १६ लावला का उजेड सोळावा हिस्सा होते, ३२०० भागिले १६, बरोबर २००. सकाळी लवकर असेल तर एनडी ८ किंवा काहीच नाही. संध्याकाळी उजेड कमी झाला का फिल्टर काढाच, नाहीतर कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची ताकद, चढवते अन् आभाळात मुंग्यांसारखे दाणे सुटतात. आयएसओची वरची हद्द ४०० ला बांधून ठेवा, दिवसा १०० ला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची सेटिंग, ५५०० वर लॉक, नाहीतर झाडाच्या सावलीत गेलं अन् बाहेर आलं का दर वेळी रंग बदलत राहते.

मेमरी कार्ड व्ही३० (ही कार्डाच्या स्पीडची खूण) लिहिलेलं, ओरिजिनल. १०० मेगाबिटने शूट केलं तर तासाला ४५ जीबी जाते, ६४ चं कार्ड दीड तासही पुरत नाही. रस्त्यावरच्या ठेल्यावर अर्ध्या किमतीत २५६ जीबी मिळून राहिलं असेल तर ते २५६ नाही, एवढं समजून घ्या.

नागपूरचं ऊन

गोप्रो कंपनीच म्हणते का कॅमेरा ३५ डिग्रीपर्यंतच. आपल्याकडे मार्चच्या शेवटी दुपारी ३५ म्हणजे गारवा, मे मध्ये ४५. चालत्या गाडीवर वारा लागते तोपर्यंत कॅमेरा टिकते, कारण आतली गरमी वारा घेऊन जाते. मरते कुठे, तर सिग्नलला. खालून डांबर अन् इंजिन, वरून सूर्य, वारा शून्य, ९० सेकंदाच्या सिग्नलमध्ये स्क्रीनवर टेंपरेचरची खूण येते अन् कॅमेरा गप्प. उन्हाळ्यात दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात ते रायडरच्या डोक्यासाठी, कॅमेऱ्याला पण फायदा होते. पण त्यावर भरवसा नको.

म्हणून मार्च ते जून मध्ये सकाळी साडेपाच ते आठ, बस. त्यातही सलग रेकॉर्डिंग नाही, तुकडे करा, चांगला पॅच आला का चालू, संपला का बंद. बंद करणं म्हणजे खरंच बंद, स्टँडबायवर पण तो गरम होते. जीपीएस, वायफाय, मागची स्क्रीन सगळं बंद. ४के ५० तापत असेल तर २.७के वर या, फोनवर पाहणाऱ्याला कुठे फरक समजते. चहाला किंवा तर्री पोह्याला थांबले का हेल्मेट आरशावर लटकवून उन्हात सोडू नका, काळं हेल्मेट अन् काळा कॅमेरा, दहा मिनिटात हात लागत नाही. सोबत टेबलावर ठेवा. अन् गरम झालेला कॅमेरा थंड पाण्याच्या बाटलीला टेकवायचा उद्योग करू नका, आत वाफ धरते, मग लेन्सच्या आतून धुकं जमते जे दिवसभर जात नाही.

हिवाळ्यात उलटं. गार कॅमेरा गरम घरात आणला का धुकं, बॅटरी पण लवकर बसते. एक बॅटरी गाडीवर अन् एक जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाच्या गरमीत.

कोणता रस्ता, कोणत्या दिशेने

सूर्य पाठीमागे ठेवा. सकाळी जायचं असेल तर अमरावती रोड किंवा काटोलकडे, म्हणजे पश्चिमेला, उजेड मागून येते, रस्ता सोन्यासारखा दिसते अन् सूर्य वर येऊन राहिला तेव्हा तुमची अन् गाडीची लांब सावली पुढे पळते. ती सावली फ्रेममध्ये डाव्या-उजव्या कोपऱ्यात घ्या, फुकटचा शॉट आहे, दुसऱ्या गाडीवरून कोणी शूट करून राहिलं असं वाटते. सकाळी सकाळी भंडारा रोड पकडला का सूर्य थेट लेन्समध्ये, अन् लेन्सवरचा प्रत्येक बोटाचा ठसा दिसते, वरून तुम्हाला पण समोरचं नीट दिसत नाही ते वेगळं. संध्याकाळी हाच हिशेब उलटा लावा. म्हणजे सकाळी पश्चिमेला गेले तर जातानाच शूट करा, येताना कॅमेरा बंद.

जवळची गोष्ट जलद सरकते हे वर सांगितलं, ते इथे वापरायचं. काटोल-कळमेश्वरच्या आतल्या रस्त्यांना बागांचं कुंपण एकदम डांबराला लागून येते, तिथे ५० ला पण कडा नुसत्या वाहतात. पण तिथेच कुंपणातून कुत्रं, शेळी, सायकलवरचा शाळकरी पोट्टा, काहीही निघते, म्हणून आधी एक चक्कर हळू मारून पाहा, कुठे फाटा आहे, कुठे मातीचा रस्ता येऊन मिळते, कुठे ट्रॅक्टरने चिखल आणला. वर्धा रोडवर मेट्रोचे खांब ओळीने येतात, खांब-फट-खांब-फट अशी लय मिळते, ४०-५० मध्ये पण जबरदस्त. मनसरच्या पुढे खवासाकडे जाणारा जबलपूर हायवे पेंचच्या जंगलातून जाते, तिथे जनावरांना खालून जायला अंडरपास केले आहेत अन् कुठे कुठे आवाज-उजेड अडवायला कडेला उंच भिंती आहेत, भिंत जवळ आली का व्हिडीओत स्पीड एकदम दुप्पट वाटते आणि काटा हललेला पण नसते. तिथे हॉर्न वाजवत, थांबत बसू नका. सेमिनरी हिल्सला झाडं मस्त आहेत पण सकाळी चालणारी मंडळी, तिथे ३० च्या वर कशाला जाता.

ओव्हरटेकचा शॉट पाहिजेच असेल तर समोरून येणाऱ्या गाड्यांचा घ्या, तुमच्या लेनमध्येच राहून. दोघांची स्पीड बेरीज होते, ६० अन् ६०, आणि तुम्हाला काहीच करावं लागत नाही.

आवाज

स्पीडचा निम्मा भास आवाजाने होते अन् लोक इथेच सगळं घालवतात. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर ५० नंतर फक्त वारा, फडफड-फडफड. बोलायचं असेल तर बारीक कॉलर माइक गालाच्या गादीच्या मागे, ओठाच्या कोपऱ्याजवळ, फोमची टोपी घालून, वायर गादीखालून. काही कॅमेऱ्यांना माइकसाठी वेगळं अडॅप्टर लागते, ते आधी पाहा, कारण ते अडॅप्टर चिनवर लटकत ठेवणं म्हणजे अजून एक डोकेदुखी.

इंजिनचा आवाज पाहिजे तर तो हेल्मेटवरून येतच नाही. एक जुना फोन रेकॉर्डिंगवर टाकून सीटखाली, फोममध्ये गुंडाळून, मागच्या बाजूला. सायलेन्सरला चिकटवू नका, वितळते, सीटखालीच भरपूर येते. रेकॉर्डिंगची लेव्हल ऑटो नको, हाताने खाली ठेवा, नाहीतर गिअर बदलताना आवाज फाटते. निघताना एकदा हॉर्न मारा, एडिटमध्ये व्हिडीओतला हॉर्न अन् फोनमधला हॉर्न जुळवला का सगळं जुळते. आवाजासाठी मॉडिफाय सायलेन्सर लावू नका, पोलीस काढून त्यावर रोडरोलर फिरवतात ते व्हिडीओ सगळ्यांनी पाह्यले आहेत.

एडिट

डाविंची रिझॉल्व्हचं फुकटचं व्हर्जन पुरते. व्हिडीओची स्पीड वाढवायचा मोह आवरा, १०-१५ टक्क्यांपर्यंत कोणाला समजत नाही, त्याच्या वर गेलं का कडेचा माणूस चार्ली चॅप्लिनसारखा चालते अन् कमेंटमध्ये धुतात. त्यापेक्षा कट लहान करा. आधी पाच-सहा सेकंद हळू भाग दाखवा, गावातून निघताना, गिअर टाकताना, मग मोकळा रस्ता. सलग दहा मिनिटं ८० दाखवले का डोळ्याला त्याची सवय होते अन् परत सगळं हळू वाटायला लागते.

दुसऱ्यांच्या नंबर प्लेट अन् शाळेजवळच्या पोरांचे चेहरे ब्लर करा, घराची गल्ली जिथे दिसते तो सुरुवातीचा अन् शेवटचा भाग कापून टाका, गाडी कुठे लागते ते अख्ख्या इंटरनेटला काहून सांगायचं. अपलोड करताना १०८० मध्ये शूट केलं असेल तरी १४४० किंवा ४के मध्ये एक्सपोर्ट करा, यूट्यूब मोठ्या साइजला चांगला कोडेक, म्हणजे व्हिडीओ दाबून साठवायची पद्धत, देते, नाहीतर पळत्या झाडांचे अन् खडीचे चौकोन-चौकोन होतात. लगेच पाहून ओरडू नका, सुरुवातीला ते हलक्या क्वालिटीतच दिसते, एचडी व्हर्जन तयार व्हायला वेळ लागते, तोपर्यंत लिंक ग्रुपवर टाकू नका.